नागपूरच्या आसपासच्या टेकड्या, गड आणि व्ह्यूपॉईंट : पायी, सायकलने, बाईकने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मागच्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांनी, ऑफिसातल्यांनी, बाहेरगावाहून बदलीवर आलेल्यांनी मला हे सगळे प्रश्न इतक्यांदा विचारले की एकदा बसून नीट लिहूनच काढलं. स्वतः जाऊन पाहिलेल्या जागांबद्दलच लिहितोय.

नागपूर तर एकदम सपाट आहे, इथे टेकड्या कुठे?

हा प्रश्न नंबर एक. आणि तो विचारणारे बहुतेक आपलेच नागपूरकर असतात. "आपल्याकडे काय आहे हो, पुण्यावाल्यांची मजा आहे" असं म्हणून वर्षातून एकदा चिखलदऱ्याला जाऊन यायचं आणि उरलेलं वर्ष घरी, हे मला खरंच पटत नाही.

झिरो माईलजवळच्या दगडावर १९०७ साल कोरलेलं आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ १,०२० फूट. म्हणजे आपण बसल्या जागी हजार फुटांवर आहोत, पण चारी बाजूंनी सगळं तेवढंच उंच असल्यामुळे ते जाणवत नाही. आता याचाच फायदा बघा. सह्याद्रीत पाचशे फूट चढलात तर समोर आणखी दोन हजार फुटांची भिंत उभी असते. इकडे दोनशे-तीनशे फूट चढलात की नजरेला आडवं येणारं काहीच नाही, थेट क्षितिजापर्यंत शेतं, तलाव, गावं, रस्ते. टेकडी लहान आहे पण तिच्यावरून दिसतं खूप, हे एकदा डोक्यात बसलं की नागपूर वेगळंच वाटायला लागतं.

आणखी एक गोष्ट. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या लाव्हा खडकाच्या अगदी पूर्वेकडच्या टोकावर आहे. म्हणून सेमिनरी हिल्स, सीताबर्डी, फुटाळ्याकडे चढ-उतार आणि काळा दगड, आणि इतवारी-पारडीकडे गेलात की सपाट. रोज सायकल चालवणाऱ्याला हे पुस्तक न वाचता पायांनाच कळतं.

अगदी पहिल्यांदा निघायचंय, सुरुवात कुठून करू?

सेमिनरी हिल्स. डोळे मिटून. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून हे नाव पडलं, आणि शहराच्या मधोमध असूनही तिथे झाडी टिकून आहे ही आपली खरी श्रीमंती आहे.

मी सांगतो तो रूट असा: लॉ कॉलेज चौकातून रविनगर, तिथून फुटाळा, तलावाच्या काठाने पुढे तेलंगखेडी, मग वायुसेनानगरकडून चढून सेमिनरी हिल्स, आणि बालोद्यान-जपानी गार्डनच्या बाजूने उतरून परत. सायकलने आरामात तासाभरात होतं, पायी करायचं तर अर्धाच तुकडा घ्या. चढ फार नाही, पण लागून येतो, पहिल्या दिवशी मांड्या भरून येतील. येऊ द्या. चौथ्या-पाचव्या वेळी तोच चढ बोलता बोलता पार होतो आणि तो आनंद जिममध्ये मिळत नाही.

सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर निम्मं नागपूर तिथे फिरून राहिलेलं दिसेल, रिटायर्ड काका, आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं, स्वेटर-मफलरमधल्या आज्या. एकटं वाटत नाही. आणि उतरल्यावर तर्री पोहे आहेतच, वरून चण्याची लाल तर्री, कांदा, लिंबू. थंडीत चढून आल्यावर जी चव लागते ती एरवी लागत नाही.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाता येतं का?

येतं, पण रोज नाही. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात. ओळखपत्र सोबत ठेवा, सकाळी लवकर जा, लाईन असते.

ही खरं तर मोठी आणि लहान अशा जुळ्या टेकड्यांची जागा. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथेच अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज लढले, आणि भोसल्यांच्या माणसांनी आधी लहान टेकडी घेतलीही होती. काही तासांतच ती हातची गेली आणि तिच्यासोबत नागपूरचं राज्यही गेल्यातच जमा झालं. वर उभं राहून खाली वर्दळ पाहताना हे आठवलं की पाय थोडे जड होतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला शेकडो वेळा गेलेली कितीतरी माणसं या टेकडीवर एकदाही चढलेली नाहीत, तेव्हा पुढच्या तारखेला नक्की जा.

बाकीच्या दिवसांत पायथ्याशी टेकडीचा गणपती आहे, तिथपर्यंत कधीही.

रामटेकला नेहमी जातो, त्यात नवीन काय?

तुम्ही कसे जाता? कारने थेट वर, पार्किंग, दर्शन, खाली येऊन जेवण, घरी? मग रामटेक अजून पाहायचं राहिलंय असं म्हणा.

एकदा गाडी खाली अंबाळा तलावाशी ठेवा. तलावाच्या काठावरची जुनी मंदिरं बघत एक चक्कर मारा आणि तिथून पायऱ्यांनी वर चढा. पायऱ्या जुन्या आहेत, मधे मधे झिजलेल्या, काही इतक्या गुळगुळीत झाल्यात की पावसात जपून पाय टाकावा लागतो. चढताना दगडाकडे नीट बघा. सेमिनरी हिल्सचा दगड काळा, इथला वेगळाच, हलक्या रंगाचा, टणक, कारण इथे लाव्हा नाही, त्याच्यापेक्षा कितीतरी जुना खडक आहे. पन्नास किलोमीटरमध्ये जमीन अशी बदलते हे मला आजही भारी वाटतं.

वर गेल्यावर दर्शनाच्या घाईत सगळे पुढे पळतात, तुम्ही थांबा. वाटेत वराहाची भली मोठी मूर्ती आहे, नृसिंहाची जुनी देवळं आहेत, ही वाकाटक राजांच्या काळची, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचं नगरधन. मग गडमंदिर, आधी लक्ष्मण, मागे राम. मंदिराच्या मागच्या बाजूला तटावर येऊन उभं राहायचं, खाली गाव, तलाव, आणि लांब खिंडसी तलावाचं पाणी.

पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी-ऑगस्टमध्ये, कधी कधी ढग इतके खाली येतात की ते मंदिराच्या तटावरून सरकत जातात. कालिदासाच्या मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरी तो हाच असं आपल्याकडे मानतात, इतरही दोन-तीन डोंगर तो मान सांगतात. मी त्या वादात पडत नाही. मी एका ऑगस्टमध्ये तटावर भिजत उभा होतो, समोरून एक ढग आला, पाच मिनिटं मला माझा हात सोडून काही दिसलं नाही आणि मग तो निघून गेला आणि खालचा तलाव एकदम उजळला, त्या दिवसापासून माझ्यासाठी तरी रामगिरी हाच.

जवळच कालिदास स्मारक आहे, तिथून संध्याकाळ छान दिसते. कार्तिक पौर्णिमेला मात्र प्रचंड गर्दी, ती अनुभवायची असेल तरच जा.

सायकलने रामटेक एका दिवसात होईल का?

होईल, पण पहिलाच लांबचा पल्ला म्हणून नका घेऊ. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतं. आधी कामठी-कन्हानपर्यंत दोन-तीनदा जाऊन या, मग बघा.

कामठी, कन्हान, मनसर आणि मनसरवरून उजवीकडे रामटेक, असा सरळ रस्ता आहे. अडचण चढाची नाही, ट्रकची आहे. नॅशनल हायवे ४४ आहे तो, जबलपूरकडची सगळी वाहतूक त्यावरूनच. म्हणून पहाटे निघा, मागे लाल लाईट, अंगात चमकणारं जॅकेट, आणि पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेनेच चालवा. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून असतो, म्हणजे जाताना तो तोंडावर. पहिले पन्नास किलोमीटर "आज काही जमत नाही" असं वाटेल, तो दोष तुमचा नाही, वाऱ्याचा आहे, येताना तोच वारा पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडतो.

मनसरला थांबण्यासारखं आहे का?

आहे, अर्धा तास नक्की द्या. मनसरला उत्खननात वाकाटक काळातल्या मोठ्या विटांच्या इमारती निघाल्या आहेत. टेकडी छोटी आहे, दहा मिनिटांत वर. हा मँगनीजचा पट्टा आहे, मातीत अभ्रकाचे कण उन्हात चकाकतात, खाली बसून हातात मूठभर घेऊन बघा, लहान मुलांना तर फार आवडतं. विटांवर चढू नका मात्र.

पन्नास-साठ-सत्तर किलोमीटरच्या आत आणखी काय?

अडासा. कळमेश्वरवरून धापेवाडा करत जायचं, धापेवाड्याला विठोबा आणि चंद्रभागा नदी (हो, आपलीही चंद्रभागा आहे), आणि पुढे टेकडीवर अडाशाचा गणपती. विदर्भातल्या अष्टविनायकांत मोजतात. मंदिराच्या वरच्या बाजूला चढून गेलात की आजूबाजूची शेतं आणि संत्र्याच्या बागा पसरलेल्या दिसतात. सायकलने नवशिक्यांसाठी माझ्या मते रामटेकपेक्षा हा रूट चांगला, ट्रक कमी, गावं जास्त, चहा जागोजागी.

जुनापाणी. काटोल रोडने, शहरातून निघाल्यावर लगेच. इथे उंची फारशी नाही, पण माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांच्या दफनाच्या जागा. शेकड्याने आहेत. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की एकेका दगडाची सावली लांब होते आणि गवतात लपलेली वर्तुळंही दिसायला लागतात. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासक येऊन राहिले इथे आणि आपल्यातल्या कितीतरी लोकांना नावही माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंभोरा. कुहीवरून. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्या इथे एकत्र येतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, आद्यकवी मुकुंदराजांचंही नाव या जागेशी जोडलेलं आहे. आता वैनगंगेवर केबलचा मोठा पूल झाला, त्याच्यावर उंचावर पाहण्यासाठी गॅलरी केली आहे, त्यामुळे गर्दी पुलावरच थांबते. तुम्ही टेकडीवर जा. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी इथवर पसरलेलं असतं, थंडीत सकाळी त्यावरून वाफ उठते आणि पलीकडचा भंडाऱ्याचा काठ हळूहळू दिसायला लागतो.

गिरड. उमरेडच्या पुढे, वर्धा जिल्ह्यात. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा, सगळ्या धर्मांचे लोक येतात. इथे सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात, एका व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी गोष्ट सांगतात. मार्चच्या शेवटी एकदा मी दुपारी बाराला चढलो, अंतर काही नाही, पण दगड इतके तापलेले होते की चपलेच्या तळव्यातून चटका जाणवत होता. सकाळीच जा.

कोणता महिना बेस्ट?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, यात वाद नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर येतो, बाईकवर हात बधिर होतात, हातमोजे घ्या.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो होळीच्या आसपासचा काळ. पळस फुलतो. पानं सगळी गळालेली आणि नुसती केशरी फुलं, रामटेककडे, पारशिवनीकडे, छिंदवाड्याच्या रस्त्याला माळच्या माळ पेटल्यासारखे दिसतात. वरून बघण्यात जास्त मजा आहे कारण खालून एक झाड दिसतं, वरून पूर्ण रान. आणि हवेत मोहाचा वास. पंधरा-वीस दिवसच असतात ते, ऑफिसच्या सुटीची वाट बघू नका, पहाटे जाऊन दहापर्यंत परत या.

एप्रिल-मे? ४५ च्या वर पारा जातो आपल्याकडे. सूर्योदयाला शहरातल्या टेकडीवर जाऊन या, बस. बाकी काही नको.

पावसाळ्यात हिरवळ भरपूर, पण विजा चमकत असतील तर उघड्या माथ्यावर एक मिनिट थांबायचं नाही. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही. खाली उतरा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

सूर्योदय गाठायचा तर किती वाजता निघायचं?

आपण पूर्वेकडे आहोत, मुंबईपेक्षा सूर्य जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी उगवतो. जूनच्या सुरुवातीला साडेपाचलाच, जानेवारीत सात वाजायला थोडे कमी असताना. मी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी माथ्यावर असायचं असं ठरवतो, कारण खरे रंग तेव्हा असतात, सूर्य वर आला की पाच मिनिटांत सगळं पांढरं होतं. संध्याकाळचं उलट, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पावणेसहाच्या आत सूर्य गायब, उतरताना अंधार होणारच, टॉर्च पाहिजेच.

माझ्याकडे साधी सायकल आहे, गियर नाही. चालेल का?

चालेल हो. सेमिनरी हिल्स सिंगल स्पीडवर उभं राहून पॅडल मारत चढणारे कितीतरी जण आहेत आणि कुठे चढलंच नाही तर उतरून ढकलत न्या, कोणी बघत नाही. महाग सायकल घेण्याआधी सीटची उंची बरोबर करा. नव्वद टक्के गुडघेदुखी तिथूनच येते असं माझं मत आहे. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे.

आणि पंक्चर किट. आपल्या भागात बाभळीचे काटे, रस्त्याच्या कडेला कुंपण छाटलं की सगळे काटे रस्त्यावर. हात फिरवून टायरच्या आतून काटा शोधायचा, तो काढायचा आणि मगच नवी ट्यूब टाकायची, नाही तर तीच नवी ट्यूब पुन्हा फुटते. मी धापेवाड्याच्या आधी एका सकाळी दोन ट्यूब अशाच घालवल्या, तिसरी नव्हती, आठ किलोमीटर सायकल हातात धरून चाललो.

बाईकने घाटाचा रस्ता पाहिजे, जवळात कुठे?

सिल्लेवानी घाट. सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे जाताना. सपाट रस्ता संपतो आणि सातपुडा एकदम समोर येतो, सागाचं जंगल, वळणं, आणि वर पोचलं की मागे वळून बघा, आपण आलो तो सगळा सपाट मुलूख खाली पसरलेला. तिथे अनेकांना पहिल्यांदा कळतं की नागपूर खरंच खोलगट भागात आहे.

वेळ असेल तर छिंदवाड्याच्या पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तामिया. तिथून खाली दऱ्या आणि एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा. जवळच पातालकोट, घोड्याच्या नालेसारखी दरी आणि तळाशी भारिया-गोंड लोकांची गावं. वरून बघताना आधी नुसतं जंगल दिसतं, मग एखाद्या घराचा धूर दिसतो, मग लहानसं शेत, मग लक्षात येतं की खाली पूर्ण संसार चाललाय. एवढ्या लांब जायचं तर मुक्काम करा.

घाट उतरताना एक गोष्ट, कळकळीने सांगतो. मी पहिल्यांदा सिल्लेवानी उतरलो तेव्हा मागे मित्र, सामान, आणि मी सतत मागचा ब्रेक दाबून. अर्ध्या घाटात ब्रेक पायाला मऊ लागायला लागला, मग दाबला तरी गाडी थांबेना, जळका वास यायला लागला. नशीब समोर ट्रक नव्हता. कडेला लावून अर्धा तास थांबलो, ड्रमवर पाणी टाकायचा मोह होता पण टाकलं नाही. तेव्हापासून: उतारावर दुसरा गियर, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून पेट्रोल वाचवायचं नाही. कधीच नाही.

चिखलदरा एका दिवसात जाऊन येता येईल?

अंतर दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास, एका बाजूने. जाता येतं, पण मग दिवसभर तुम्ही रस्ताच बघाल. दोन दिवस काढा. हजार मीटरच्या वर आहे, हवा खरंच वेगळी, कॉफी पिकते तिथे. देवी पॉईंट, मोझरी पॉईंट, हरिकेन पॉईंट सगळे गाडीने करतात, चांगले आहेत, भीमकुंड पावसाळ्यात बघण्यासारखं. पण पंचबोल पॉईंटला आवाज द्या आणि प्रतिध्वनी मोजा, आणि एक पूर्ण सकाळ गाविलगडासाठी ठेवा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. दरवाजे, तट, तलाव, सगळं पायी फिरायला तीन-चार तास लागतात आणि बहुतेक लोक दरवाजात फोटो काढून परत फिरतात. पाणी आपलं घेऊन जा, आत काही मिळत नाही.

पचमढीचं काय?

तो विषय आपल्याकडे नुसता फिरण्याचा नाही, श्रद्धेचा आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजाराच्या वर पायऱ्या चढणारे बहुतेक लोक आपल्या विदर्भातलेच. "हर बोला हर हर महादेव" करत म्हातारी माणसं अनवाणी चढतात, ते बघितल्यावर तरुणांनी दम लागल्याचं सांगूच नये. नागद्वारची वाट नागपंचमीच्या आधीचे काही दिवसच उघडते, एरवी तो वाघांच्या जंगलाचा भाग आहे आणि बंद असतो. पावसात, चिखलात, लोखंडी शिड्यांवरून चालायचं असतं, तयारी करूनच जा आणि आधी गेलेल्या माणसासोबत जा.

नुसता व्ह्यू पाहिजे तर धूपगड, साडेतेराशे मीटर, पूर्ण सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. सूर्यास्त तिथेच बघायचा.

पाणी किती, खायला काय?

माणशी दोन लिटर थंडीत, तीन मार्चपासून. तहान लागायच्या आधी घोट घोट. मीठ-साखर-लिंबू घरूनच बाटलीत. खायला चिवडा, गूळ-शेंगदाणे, हंगामात संत्री, खिशात चार संत्री म्हणजे पाणी आणि साखर दोन्ही झालं. आणि डोक्याला दुपट्टा. टोपी उडते, दुपट्टा कान-मान सगळं झाकतो, ओला केला की अजून चांगला, आपल्या बाबांनी-आजोबांनी उगाच नाही बांधला.

वानरं, मधमाश्या, बिबटे, साप... भीती वाटते

रामटेकची वानरं माणसाला घाबरत नाहीत. मी फुटाण्याची पुडी हातात धरून पायरीवर बसलो होतो, एक वानर शांतपणे शेजारी येऊन बसलं, माझ्या बोटांवर आपली काळी, थंडगार बोटं ठेवली आणि एकेक बोट उचलून पुडी काढून घेतली. ओढाताण केली नाही म्हणून काही झालं नाही. तुम्हीही करू नका. पिशवी बंद, चष्मा सांभाळून, आणि मुद्दाम खायला देऊ नका.

आग्या मोहोळ दिसलं की आवाज बंद, धूर बंद, अत्तर-डिओ मारून जाऊच नका.

गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत हे खरं आहे, म्हणून त्या बाजूला पहाटे अंधारात एकट्याने सायकल नको, उजेड झाल्यावर जा. सापाचं म्हणाल तर दगडावर हात ठेवण्याआधी बघा, गवतात पाय आपटत चाला, पावसाळ्यात बूट. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला भाग न हलवता सरळ सरकारी दवाखाना. १०८ ला फोन.

आम्ही दोघी मैत्रिणी जातो म्हणतो, सेफ आहे का?

सेमिनरी हिल्स, रामटेक, अडासा सकाळच्या वेळी माणसांनी भरलेले असतात, बिनधास्त जा. जुनापाणीसारख्या ओसाड जागी मी पुरुषांनाही एकटं जाऊ नका म्हणतो. लाईव्ह लोकेशन घरी पाठवून ठेवा, अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा, ११२ नंबर लक्षात ठेवा. माझी मोठी बहीण आता ५२ वर्षांची आहे आणि दर रविवारी तिच्या तीन मैत्रिणींसोबत सायकलने अडाशाकडे निघते.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना न्यायचंय

रामटेकला गाडी जवळजवळ मंदिरापर्यंत जाते, पुढच्या पायऱ्या हळूहळू होतात. अंभोऱ्याचा पूल. सेमिनरी हिल्स. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो हे लक्षात घ्या, चढताना ते "मला काही नाही होत" म्हणतील, उतरताना हाताला धरायला तुम्ही पाहिजे. काठी घ्या.

फोटो, ड्रोन?

वायुसेनानगर, सीताबर्डी किल्ला, कामठी छावणी, ही सैन्याची ठिकाणं आहेत. बोर्ड वाचा, कॅमेरा बंद म्हटलं की बंद. ड्रोन तर शहरात उडवूच नका. मंदिरातही आधी विचारा.

पायवाट जंगलात जाताना दिसते, आत शिरू का?

नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, मेळघाट ही वाघांची जंगलं आहेत, आत पायी फिरणं बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही. मोहफुलं वेचायला गेलेल्या गावकऱ्यांवर हल्ले होतात, ज्यांना जंगल आपल्यापेक्षा दहापट जास्त कळतं. गेट असेल तिथे गेटने, पावती घेऊन, गाईडसोबत. आणि उन्हाळ्यात वाळल्या पानांत एक विडी-सिगरेट पूर्ण डोंगर जाळून टाकते, हे मी रामटेकच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलंय, काळी पडलेली टेकडी आणि खाली गावातली माणसं झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होती.

इतक्या पहाटे उठून गेलो आणि धुक्यात काहीच दिसलं नाही, आता?

थांबा. आपल्याकडचं हिवाळी धुकं बहुतेक वेळा नऊपर्यंत फाटतं. पाठ टेकायला दगड शोधा, थर्मासमधला चहा काढा. आधी देवळाच्या घंटेचा आवाज येतो, मग खालून कोंबडा, मग ट्रॅक्टर, मग सगळ्यात आधी पाणी दिसतं, रामटेकला असाल तर अंबाळ्याचं, आणि त्याच्या काठावरची देवळं एकेक करून वर यायला लागतात.